चेकचे सोवळे

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याच्या एखाद्या कुणब्याला २०१८ ते २०२४ या काळात कधी वाटले असते, की आपल्या पक्षाला निवडणूक रोख्याने हजार रुपये द्यावेत, तर कायद्याची आडकाठी नव्हती. हजाराचा रोखा खरोखरच छापलेला होता. फक्त तो स्टेट बँकेच्या देशभरातल्या २९ ठरावीक शाखांतच मिळे. त्यासाठी घाट उतरून पणजी गाठायची, नाहीतर रात्रभर बसमध्ये बसून बंगळूर. तेही जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरमधल्या सरकार सांगेल त्या दहा दिवसांत. हातात पडलेला रोखा पंधरा दिवसांत पक्षाच्या खात्यात भरला गेला नाही, तर त्याची रद्दी. हजाराच्या देणगीला प्रवासखर्च हजाराचा. अर्थमंत्र्यांच्या भाषणात हीच योजना पारदर्शकतेची म्हणून शोभून दिसत होती.

प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या रोख्यांपैकी रकमेने नव्वद टक्क्यांहून अधिक रोखे एकेक कोटीचे होते. एक कोटी म्हणजे किती, याचे माप या परिसरात पैशाने नाही, माणसांनी मोजता येते. काळी व्याघ्र प्रकल्पाची एक रेंज कुंभारवाड्याच्याच नावाने आहे. प्रकल्पातून ‘स्वेच्छेने’ बाहेर पडणाऱ्या कुटुंबासाठी केंद्राने २०२१ मध्ये ठरवलेली रक्कम १५ लाख रुपये. घर, परसातले फणस, देवराई, पिढ्यांची शेती, सगळे त्यात आले. एका रोख्याच्या कागदावर अशी सहा कुटुंबे बसतात आणि वर थोडी जागा उरते.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवली आणि रोखे संपले. त्यांच्या बचावासाठी झालेली वकिली मात्र संपलेली नाही. ती वाहिन्यांवर ऐकू येते, पक्षांच्या प्रवक्त्यांकडून येते आणि शहाण्यासुरत्या माणसांच्या बैठकीतही येते. निकालानंतर काही आठवड्यांतच नितीन गडकरी यांनी गुजरातेतल्या गिफ्ट सिटीत तिचा सारांश सांगितला: पैशाशिवाय पक्ष चालत नाही, आणि रोख्यांमागचा हेतू चांगला होता. गडकरींचे एक बरे असते, इतरांच्या पोटात असते ते त्यांच्या ओठावर येते. त्यामुळे प्रतिवाद करायचा तर त्यांच्याच वाक्यापासून सुरुवात केलेली सोयीची.

पहिला अर्धा भाग मान्यच करावा लागतो. सतरंज्या, गाड्या, छपाई, कार्यकर्त्यांचा चहा, कार्यालयाचे भाडे, हे सगळे हवेतून येत नाही. हल्याळ मतदारसंघात जोयड्याचा भाग येतो. तिथल्या विखुरलेल्या वाड्यांपर्यंत पोचायचे तर प्रामाणिक उमेदवारालाही जीप लागते, डिझेल लागते. वाद पैसा लागतो की नाही हा नाहीच. ‘पैसा लागतो’ या वाक्यावरून ‘म्हणून तो कंपन्यांनी द्यावा, हवा तेवढा द्यावा आणि कोणी दिला हे मतदाराने विचारू नये’ इथपर्यंत जी उडी मारली जाते, वाद त्या उडीचा आहे.

उडी मारताना हातात काठी असते ती ‘चेक’ या शब्दाची. २०१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी रोखीच्या निनावी देणगीची मर्यादा वीस हजारांवरून दोन हजारांवर आणली आणि त्याच दमात रोख्यांची घोषणा केली. युक्तिवाद असा, की आजवर पक्ष पोत्यांनी रोख घेत आले. आता पैसा बँकेतून येईल, म्हणजे पांढरा असेल, म्हणजे स्वच्छ असेल. या ‘म्हणजे’च्या साखळीत शेवटची कडी निखळलेली आहे. बँकेतून आलेला पैसा कर भरलेला असतो. तो कशासाठी आला, हे बँक सांगत नाही.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकवायला नको होते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या ट्रस्टांचा हिशेब छापला. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होते, खुल्या बाजारातला भाव आणि सरकारी भाव यांत मोठी तफावत होती, आणि कोटा मंत्रालयातून सुटायचा. मुंबईच्या बिल्डरांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’सारख्या ट्रस्टांना देणग्या दिल्या होत्या. चोरून नव्हे, नोंदी होत्या, पावत्या होत्या, तारखा होत्या. त्या तारखा सिमेंटवाटपाच्या तारखांशेजारी ठेवताच गोष्ट उलगडली. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा संबंध असल्याचे म्हटले आणि अंतुलेंना खुर्ची सोडावी लागली. पुढचा फौजदारी खटला मात्र या न्यायालयातून त्या न्यायालयात वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिला. अंतुले काँग्रेसचे होते. म्हणून पुढचे उदाहरण भाजपचे घेऊ, म्हणजे तराजू सरळ राहील.

कर्नाटकाचे लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी जुलै २०११ मध्ये खाणींवरचा अहवाल दिला. बेकायदा लोहखनिजाने राज्याच्या तिजोरीचे सुमारे १६ हजार कोटींचे नुकसान झाल्याचा त्यांचा अंदाज होता. त्याच अहवालात मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्या कुटुंबाशी संबंधित प्रेरणा ट्रस्टला एका खाणकंपनीने दिलेल्या दहा कोटींच्या देणगीची नोंद होती. ही देणगीही बँकेतूनच गेलेली. येडियुरप्पांनी राजीनामा दिला. २०१६ मध्ये सीबीआयच्या विशेष न्यायालयाने त्यांना आणि इतरांना निर्दोष सोडले. न्यायालयाने सोडले म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विषय संपला, आणि इथे तो पुन्हा उकरायचा हेतू नाही. पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे.

त्याच खाणप्रकरणाचे दुसरे टोक उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावर, अंकोल्याजवळच्या बेलेकेरी बंदरात होते. बळ्ळारीकडून घाट उतरून आलेले खनिज २०१० मध्ये वनखात्याने तिथे जप्त केले आणि त्यातले लाखो टन खनिज जप्तीत असतानाच जहाजांतून परदेशी गेले. जप्तीचा माल सरकारी ताब्यातून नाहीसा होतो आणि तो पकडणाऱ्या वनाधिकाऱ्यावरच निलंबनाची पाळी येते, यावर संतापून हेगडेंनी जून २०१० मध्ये राजीनामा दिला होता. नंतर तो मागे घेतला. या प्रकरणात कारवारचे आमदार सतीश सैल यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती पुढच्याच महिन्यात स्थगित केली. ते आज काँग्रेसचे आमदार आहेत. शिक्षा टिकेल की नाही ते अपिलात ठरेल, पण खटला उभा राहिला, साक्षी झाल्या, निकाल लागला. कारण खनिज हा जड माल आहे. त्याला ट्रक लागतो, वजनकाटा लागतो, जहाज लागते, आणि या प्रत्येकाची नोंद मागे राहते.

देणगीचे तसे नाही. देणगीची पावती हाच तिच्या निर्दोषपणाचा पुरावा मानला जातो. लाच रोखीत घेतली तर नोटांना पावडर लावून पकडता येते. चेकने घेतलेल्या देणगीला पावडर कुठे लावणार? देणारा म्हणतो, मी समाजकार्याला दिले. घेणारा म्हणतो, मी पावती दिली. मधला करार कागदावर नसतो, तो दोघांच्या समजुतीत असतो. म्हणून पांढऱ्या पैशाने व्यवहार उजेडात येतो हे म्हणणे उलटे आहे. पैसा उजेडात येतो आणि व्यवहार अधिक खोल अंधारात जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये रोख्यांच्या देवघेवीची विशेष पथकाकडून चौकशी करावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ज्याला ज्या प्रकरणात शंका असेल त्याने नेहमीच्या कायदेशीर मार्गाने जावे, असा त्याचा अर्थ. नेहमीच्या मार्गाने जाऊन काय हाती लागते, याची दोन उदाहरणे वर दिलीच आहेत.

ठाणे-बोरिवली जोडबोगद्याची गोष्ट या चौकटीत ठेवून पाहावी. रोख्यांच्या खरेदीत देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या मेघा इंजिनिअरिंगने एकूण ९६६ कोटींचे रोखे घेतले. त्यांतले १४० कोटींचे एप्रिल २०२३ मध्ये. पुढच्या महिन्यात सुमारे १४,४०० कोटींच्या या बोगद्याचे काम कंपनीला मिळाले. यात देवाणघेवाण झाली असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. निविदेत कंपनी रास्तपणे पुढे आली असेलही. पण तसे असेल तर तिच्या नावावरचा संशय दूर करण्याचे एकच साधन होते: देणगी त्याच दिवशी जाहीर होणे. गुप्ततेने प्रामाणिक कंपनीचेच सर्वांत मोठे नुकसान केले, हे गुप्ततेच्या वकिलांना कोणी तरी सांगायला हवे होते.

ते वकील म्हणतात, देणगीदाराला भीती असते. विरोधी पक्षाला दिले हे कळले तर सत्ताधारी त्याचा सूड घेतील. ऐकायला पटते. पण रोखा निनावी होता तो कोणासाठी? २०१८ मध्येच एका पत्रकाराने दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा अतिनील प्रकाशात प्रत्येकावर लपलेला स्वतंत्र क्रमांक दिसला. बँक सरकारी, क्रमांक बँकेकडे, तपासयंत्रणा सरकारकडे. म्हणजे नाव झाकले गेले ते कुंभारवाड्याच्या मतदारापासून. दिल्लीपासून ते झाकलेले राहील याची हमी कोणी दिली नव्हती. ज्याच्या सूडाची भीती, यादी त्याच्याच कपाटात! आणि भीतीचा दुसरा नमुना रोख्यांच्याच यादीत सापडला. नोव्हेंबर २०२२ च्या १० तारखेला दिल्लीच्या मद्य धोरण प्रकरणात अरबिंदो फार्माच्या एका संचालकाला अटक झाली. १५ तारखेला कंपनीने पाच कोटींचे रोखे घेतले आणि ते भाजपच्या खात्यात वटले. भीतीपोटी देणगी लपवावी लागते असे सांगणाऱ्यांनी, भीतीपोटी देणगी द्यावी लागते का, या प्रश्नाकडे पाहिलेच नाही.

गुप्तता किती तांत्रिक अपरिहार्यतेची होती, तेही मार्च २०२४ मध्ये दिसले. देणारे आणि घेणारे यांची माहिती जुळवायला स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत, म्हणजे लोकसभा निवडणूक उरकेपर्यंत, मुदत मागितली. न्यायालयाने ११ मार्चला ती नाकारली. १२ मार्चला माहिती निवडणूक आयोगाकडे पोचली. क्रमांक दिले नव्हते. न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला तेही आले. साडेतीन महिन्यांचे काम दहा दिवसांत करणाऱ्या या बँकेने तोच झपाटा पीककर्जाच्या अर्जांनाही लावला तर शेतकरी तिचे आभार मानतील.

‘सगळेच घेतात’ हा बचावही त्याच यादीने दिला आणि त्याच यादीने काढूनही घेतला. सगळेच घेत होते हे खरे. लॉटरीवाल्या फ्यूचर गेमिंगने १,३६८ कोटींचे रोखे घेतले. त्यांतला मोठा भाग तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक या दोन प्रादेशिक पक्षांकडे गेला. शिवसेनेला मिळाले, राष्ट्रवादीला मिळाले, गोव्यातल्या मगो पक्षालाही थोडे मिळाले. पण एप्रिल २०१९ पासूनच्या हिशेबात भाजपचे सुमारे ६,०६० कोटी आणि काँग्रेसचे सुमारे १,४२२ कोटी. जिथे सत्ता तिथे पैसा, हा नियम बंगालात तृणमूलला, तेलंगणात भारत राष्ट्र समितीला आणि देशात भाजपला सारखाच लागू पडला. यावरून कोणता पक्ष साव आणि कोणता चोर हे ठरत नाही. ठरते ते एवढेच, की कंपन्या विचारसरणीला देणगी देत नाहीत. ज्याच्या हातात सहीची लेखणी आहे त्याला देतात. कंपनीने तसे करणे तिच्या हिशेबाने बरोबरच आहे. भागधारकांचा पैसा परताव्याशिवाय वाटला तर संचालकांना जाब द्यावा लागेल. आणि परताव्यासाठी वाटला तर तिला देणगी का म्हणायचे?

हा प्रश्न नवा नाही, आणि पहिल्यांदा तो मुंबईतच विचारला गेला. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या घटनापत्रकात बदल करून राजकीय पक्षांना देणगी देण्याची मुभा हवी होती. एका भागधारकाने ती अडवली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी कायद्यात आडकाठी नाही म्हणून परवानगी दिली, पण निकालात स्पष्ट बजावले, की हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा घोटू शकतो आणि संसदेने यात लक्ष घालावे. संसदेने १९६० मध्ये मर्यादा घातली. मग १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदीच आणली.

इथे विरुद्ध पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंदीने काय झाले? स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांची रसद तुटली, तोच हेतू होता असे म्हणणारे तेव्हाही होते. आणि देणग्या थांबल्या नाहीत, त्या टेबलाखालून जाऊ लागल्या. लायसन्स-परमिटच्या काळातले सूटकेसचे राजकारण त्या बंदीचेच अपत्य. म्हणून १९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत देणग्या पुन्हा खुल्या केल्या, २०१३ च्या कंपनी कायद्याने ती मर्यादा साडेसात टक्क्यांवर नेली, आणि २०१७ मध्ये ती मर्यादाच काढून टाकण्यात आली. तोट्यातल्या कंपनीलाही मग देणगी देता येऊ लागली. तोट्यातला दुकानदार दानधर्म करू लागला तर शेजारी त्याला वेड्यात काढतात. इथे ते कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले.

बंदी फसली हे खरे, पण ती का फसली ते सांगताना एक तारीख नेहमी गाळली जाते. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका निवडणूक खटल्यात म्हटले, की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या खर्चात धरावा. त्याच वर्षी अध्यादेश काढून आणि पुढे कायदा दुरुस्त करून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. तेव्हापासून आजतागायत उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आहे, कर्नाटकात विधानसभेसाठी ती आता ४० लाखांची आहे, आणि त्याच्या पक्षावर कसलीच नाही. उमेदवाराने रिक्षाला लावलेल्या भोंग्याचे भाडे मोजायला निरीक्षक, आणि पक्षाच्या हेलिकॉप्टरला मोकळे आकाश. घेण्यावर बंदी आणि खर्चाला सताड दार, हे म्हणजे नळ बंद ठेवून विहीर उपसण्यासारखे होते. पैसा लागणारच होता; तो वाट शोधत गेला. फ्रान्सने १९९५ मध्ये, कॅनडाने २००७ पासून आणि पेट्रोब्रास घोटाळा गाजत असताना ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या. यांतल्या फ्रान्स आणि कॅनडाने निवडणूक खर्चालाही कुंपण घातलेले आहे. भारतात बंदीची हकिकत सांगणारे या कुंपणाचे नाव काढत नाहीत.

कोणी म्हणेल, धनिकाचा पैसा राजकारणात आला म्हणजे सगळे विटाळलेच का? सीमेपलीकडच्या गोव्याकडे बोट दाखवता येईल. दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते. त्यांनी मगो पक्ष उभा केला, १९६३ मध्ये मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि १९६४ मध्ये कुळांच्या बाजूने कायदा आणला. प्रतिवाद म्हणून हे उदाहरण चांगले आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. पेडणे-डिचोलीच्या कुळाला मगोच्या सिंहावर शिक्का मारताना ठाऊक होते, की हा पक्ष भाऊंचा आणि पैसाही भाऊंचा. भाऊंनी कूळकायद्याऐवजी भाटकारांची बाजू घेतली असती, तर पुढच्या निवडणुकीत कोणाला जाब विचारायचा हेही ठाऊक होते. धनिकाने स्वतःच्या नावाने उभे राहून मते मागणे एक. कंपनीने कोणाच्या तरी पदराआड राहून धोरणे घडवणे दुसरे.

आणि ‘पैशाने निवडणूक जिंकता येत नाही’ हा शेवटचा युक्तिवाद तर अगदीच सोयीचा. २०२३ मध्ये तेलंगणात भारत राष्ट्र समिती हजारभर कोटींच्या रोख्यांवर बसून हरली, हे दाखला म्हणून सांगितले जाते. मान्य. मत विकत मिळतेच असे नाही. पण कंपनीला मत हवे असते कुठे? तिला दोन निवडणुकांमधली पाच वर्षे हवी असतात.

त्या पाच वर्षांत काय होते याचा एक नमुना पुरेसा आहे. वेदान्त या परदेशी समूहाच्या भारतातल्या कंपन्यांनी, त्यात गोव्याची सेसा गोवाही आली, काँग्रेस आणि भाजप दोघांनाही देणग्या दिल्या होत्या. परदेशी देणगी घेणे पक्षांना मना होते. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी कायदा मोडल्याचे म्हटले आणि कारवाई करायला सांगितले. कारवाईऐवजी कायदाच हलला. २०१६ च्या वित्त विधेयकात ‘परदेशी’ची व्याख्या २०१० पासून मागील प्रभावाने बदलली. काही देणग्या त्याआधीच्या कायद्याखाली अडकत होत्या, म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात ती तारीख ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेली. लोकसभेत ते विधेयक गोंधळात, चर्चेविना मंजूर झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांचा प्रश्न एका कलमाने सुटला. कायदा बेचाळीस वर्षे मागे चालत गेला.

आता हीच चाल जोयड्यात आणून पाहावी. गोव्यातल्या गावडा, वेळीप आणि कुणबी समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. अनमोड घाटाच्या अलीकडे, जोयड्यात, तेच कुणबी आहेत. तीच कुमरी शेतीची आठवण, तेच कंद, तीच बोली, घाटाच्या दोन्ही बाजूंना सोयरीक. त्यांची मागणी कित्येक वर्षांची आहे. निवेदने झाली, मोर्चे झाले, अहवाल झाले. अलीकडचा मामा आणि पलीकडचा भाचा यांच्यात सरकारी कागदावर घाट उभा आहे. या फायलीला बेचाळीस वर्षे मागे न्यायला कोणी सांगत नाही, नुसती पुढे सरकली तरी पुरे. तिच्यासोबत एक कोटीचा कागद जोडलेला नाही, एवढाच फरक असेल असे म्हणणे कदाचित अन्यायाचे ठरेल. जमातीच्या यादीला निकष आहेत, केंद्र-राज्याची लांब प्रक्रिया आहे. पण वित्त विधेयकाच्या घाईलाही प्रक्रिया होतीच की. ती एका सत्रात आटोपली.

उद्योगासाठी सरकार झुकते हे या तालुक्याला पक्षनिधीच्या आकड्यांवरून कळलेले नाही. शेजारच्या दांडेलीला पन्नाशीच्या दशकात वेस्ट कोस्ट पेपर मिल आली, तिला सरकारने बांबू दिला टनाला दीड रुपया दराने. बुरुडाला बाजारात तोच बांबू कितीतरी पट महाग पडे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पुढे या जिल्ह्यातल्या बांबूचा अभ्यास केला आणि हा दर ते आयुष्यभर सांगत राहिले. तो ठरवताना कोणी कोणाला देणगी दिली होती असा दावा इथे नाही. तशी काही नोंद समोर नाही. मुद्दा असा, की टोपली विणणाऱ्याकडे दर ठरवणाऱ्याच्या दारापर्यंत जाण्याची वाट नव्हती आणि गिरणीकडे होती. देणगी ही त्या वाटेवरची फरसबंदी.

जोयड्यातल्याच कॅसलरॉकहून गोव्यातल्या कुळ्ळेला उतरणारा रेल्वेमार्ग दुपदरी करायचा प्रस्ताव आला, मुरगाव बंदरातला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे अधिक वेगाने नेता यावा म्हणून, असे विरोधकांचे म्हणणे. राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या समितीने मंजुरी दिली. १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री गोव्यात चांदरला हजारो लोक रुळांवर जमले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने दुपदरीकरणाविरुद्ध अहवाल दिला आणि ९ मे २०२२ रोजी न्यायालयाने ती मंजुरी रद्द केली. पुरेसा अभ्यास करून पुन्हा अर्ज करायची वाट मात्र मोकळी ठेवली. या मार्गासाठी कोणी कोणत्या पक्षाला पैसे दिले, याचा पुरावा नाही आणि तसा आरोपही नाही. पण मंजुरी दिली जात असताना, म्हणजे २०१९-२० मध्ये, रोखे जोरात विकले जात होते आणि कोणाचे कोणाकडे जात होते ते कळण्याची सोय कोणालाच नव्हती. चांदरच्या माणसाला शंका घेण्याचा अधिकार होता, ती फेडून घेण्याचा नव्हता.

२०१९ मध्ये महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते, की मतदाराने उमेदवार कसा आहे ते पाहावे. पक्षाचा पैसा कुठून येतो हे त्याला कळण्याचे कारण नाही. २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला शपथपत्र द्यावे लागते. त्यामुळे कुंभारवाड्याचा मतदार आज मोबाइलवर पाहू शकतो, की उमेदवाराच्या पत्नीकडे किती ग्रॅम सोने आहे, ट्रॅक्टर कोणत्या साली घेतला, कोणत्या पोलीस ठाण्यात कोणता गुन्हा आहे. मंगळसूत्र मोजायला हक्काने मिळते आणि पक्षाच्या शेकडो कोटींबद्दल विचारले की आगाऊपणा होतो. न्यायालयाने २०२४ मध्ये हा युक्तिवाद मान्य केला नाही. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगानेही २०१७ मध्येच योजनेवर आक्षेप नोंदवले होते, तेव्हा त्यांना बाजूला सारण्यात आले होते.

रोख्यांनंतर काय? इलेक्टोरल ट्रस्ट. कंपन्या ट्रस्टला देतात, ट्रस्ट पक्षांना. २०२४-२५ मध्ये या ट्रस्टांनी मिळून सुमारे ३,८११ कोटी वाटले. त्यांतले सुमारे ३,११२ कोटी भाजपकडे गेले. नावे जाहीर होतात ही सुधारणा नाकारता येणार नाही. पण अहवाल उघडला की एका तक्त्यात देणाऱ्या कंपन्या आणि दुसऱ्या तक्त्यात घेणारे पक्ष. मधल्या रेघा वाचकाने आपापल्या कल्पनेने ओढायच्या. अंतुलेंच्या काळात शौरींनी दोन याद्या शेजारी ठेवून त्या ओढल्या होत्या. इथे सगळा पैसा आधी एकाच हौदात पडतो, मग कोणते पाणी कोणत्या ओढ्याचे हे सांगणार कोण?

ट्रस्टला दिलेली रक्कम कोणत्या पक्षासाठी हे नमूद करणे, देणगी आठवड्याच्या आत जाहीर करणे, सरकारी कंत्राट असलेल्या कंपनीला देणगीची मनाई आणि पक्षाच्या खर्चावर मर्यादा, यांतल्या एकाही सुधारणेसाठी घटना बदलावी लागत नाही. शेवटची सुधारणा सर्वांत अवघड, कारण ती सर्व पक्षांना सारखीच नकोशी आहे. ती करायला वित्त विधेयकाएवढी जागा पुरते, हे २०१६, २०१७ आणि २०१८ मध्ये संसदेनेच दाखवून दिले आहे. कर्नाटक विधानसभेची पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. त्याआधी दोन वित्त विधेयके तरी येतील.